शाळेच्या अंगणातलं हवामानशास्त्र



आज मी ज्या विषयावर आपल्याशी बोलणार आहे, त्याचं नाव आपण सर्वांनी ऐकलेलं आहे. तो विषय म्हणजे हवामानबदल. वर्तमानपत्रात हा शब्द रोज येतो, सभांतल्या भाषणांत येतो, आणि आता तिसरी-चौथीच्या चित्रकलेच्या स्पर्धेतही येतो. मुलं एक रडणारी पृथ्वी काढतात, तिच्या तोंडात तापमापक देतात, शेजारी एक हिरवं झाड काढतात आणि बक्षीस घेऊन घरी जातात. चित्र काही वाईट नसतं. पण त्या मुलाला आपण विचारलं, "बाळ, पृथ्वीला ताप आलाय हे तुला कसं कळलं?" तर तो म्हणतो, "बाईंनी सांगितलं." बाईंना कसं कळलं? पुस्तकात होतं. माझी अडचण नेमकी इथं आहे, आणि तीच आज आपल्यापुढे मांडायची आहे.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. २०२३ च्या मार्च महिन्यात माणदेशातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेनं मला विज्ञान दिनानिमित्त बोलावलं होतं. दिवस उलटून गेला होता, पण कार्यक्रम व्हायचा होता. मी मोठ्या हौसेनं दोन सारख्या बाटल्या, दोन तापमापक, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घेऊन गेलो. प्रयोग सोपा होता. एका बाटलीत साधी हवा ठेवायची, दुसरीत सोडा आणि व्हिनेगरपासून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड वायू भरायचा, दोन्ही बाटल्या उन्हात ठेवायच्या आणि अर्ध्या तासानं पाहायचं. वायूची बाटली अधिक तापलेली दिसली की मुलांना सांगायचं: पाहा, पृथ्वी अशी तापते! आदल्या वर्षी माझ्याच महाविद्यालयात मी हा प्रयोग केला होता. तेव्हा दोन अंशांचा फरक दिसला होता आणि टाळ्याही पडल्या होत्या.

माणदेशातलं ऊन आपल्याला ठाऊकच आहे. अर्धा तास झाला. मुलं, पालक, ग्रामपंचायतीचे दोन सदस्य असे सगळे भोवती जमले. मी तापमापक पाहिले. एकात ४३ अंश, दुसऱ्यातही ४३ अंश. मी बाटली हलवून पाहिली, पुन्हा पाच मिनिटं थांबलो. आकडा हलेना. तेव्हा तिथले एक तरुण शिक्षक माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "सर, एखादा अंश वाढवून सांगू या का? मुलांचा विरस होईल." आणि श्रोतेहो, खरं सांगतो, क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण तेवढ्यात फळ्यावर आकडे लिहायचं काम दिलेली तिसरीतली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "सर, दोन्हीत सारखंच हाय की!" आणि तिनं खडूनं फळ्यावर लिहूनही टाकलं: ४३, ४३.

मला वाटतं, त्या दिवशी त्या अंगणात विज्ञान कुणी केलं असेल, तर ते त्या मुलीनं.

घरी आल्यावर मी नीट वाचन केलं, आणि लक्षात आलं की चूक त्या शाळेच्या उन्हाची नव्हती, माझ्या प्रयोगाची होती. ऊन जमिनीवर पडतं, जमीन तापते आणि तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपानं उष्णता परत आकाशाकडे सोडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ या परत जाणाऱ्या उष्णतेला अडवतात. पण हे काम कित्येक किलोमीटर उंचीच्या हवेच्या थरात चालतं. वीतभर बाटलीत ते साध्या तापमापकानं दिसेल अशी अपेक्षा ठेवणंच चूक. शिवाय बाटलीची भिंत स्वतःच ती उष्णता अडवते. मग आदल्या वर्षी माझ्या बाटलीत फरक का दिसला? बूच कमी-अधिक घट्ट बसलं असेल, तापमापक भिंतीला टेकला असेल, किंवा तो वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे बाटलीतलं अभिसरण मंदावलं असेल. म्हणजे मला टाळ्या मिळाल्या त्या बहुधा बुचासाठी!

हे मी विनोदासाठी सांगत नाही. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, 'हरितगृह परिणाम' हे नावही थोडं फसवंच आहे. आपल्याकडे ढोबळी मिरचीची किंवा फुलांची पॉलिहाऊस असतात. त्यांच्या आत उकडतं, त्याचं मुख्य कारण असं की तापलेली हवा कोंडली जाते, तिला वर निसटता येत नाही. पृथ्वीला छप्पर नाही. तिथं हवा कोंडलेली नसते, उष्णता अडवलेली असते. हा भेद चौथीच्या मुलाला सांगता येतो, आणि सांगितला पाहिजे. कारण आज आपण त्याला सोयीसाठी खोटा पुरावा दिला, तर उद्या कुणीतरी तो पुरावा खोडून काढील, आणि मग त्यासोबत खरी गोष्टही त्याच्या मनातून जाईल.

ही खरी गोष्ट प्रयोगानंच सिद्ध झाली आहे. १८५९ साली लंडनमध्ये जॉन टिंडल या शास्त्रज्ञानं एक लांब नळी घेतली, तिच्या एका बाजूला उष्णतेचा उगम आणि दुसऱ्या बाजूला उष्णता मोजणारं नाजूक उपकरण ठेवलं, आणि नळीत वेगवेगळे वायू भरून पाहिले. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांनी उष्णता जवळजवळ बिनदिक्कत जाऊ दिली. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांनी मात्र ती अडवली. तसं उपकरण आपल्या शाळेत नाही. मग आपण काय करायचं? आपल्या अंगणात जे खरोखर दिसतं, तेवढंच दाखवायचं, आणि प्रत्येक प्रयोगातून साखळीची एकच कडी दाखवायची. अशा चार कड्या मी आज सांगतो. खर्च किरकोळ आहे.

पहिली कडी चुन्याच्या निवळीची. पानाला लावतात तो चुना चमचाभर घ्या, बाटलीभर पाण्यात हलवा आणि रात्रभर ठेवून द्या. सकाळी वरचं स्वच्छ पाणी दोन पेल्यांत अलगद ओतून घ्या. हे काम शिक्षकांनी स्वतः करावं, चुना मुलांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नये. आता एका पेल्यात मुलानं शहाळ्याच्या नळीनं हळूहळू फुंकायचं. फुंकायचं बरं का, ओढायचं नाही. दुसऱ्या पेल्यात सायकलच्या पंपानं साधी हवा सोडायची. फुंकलेला पेला पाहता पाहता दुधासारखा पांढरा होतो, पंपाचा पेला तसाच राहतो. का? आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड साध्या हवेच्या जवळजवळ शंभरपट असतो. जो वायू दिसत नाही, त्याला वास नाही, तो आहे हे मुलाला इथं प्रथम पटतं.

आणि लगेच एक प्रश्न येतो, हमखास येतो. "सर, मग आपण श्वास सोडतो म्हणून पृथ्वी तापते का?" हा प्रश्न टाळू नका. उत्तर असं, की नाही, बाळांनो. तुम्ही जी भाकरी खाता, तिच्यातला कार्बन बाजरीच्या ताटानं गेल्या हंगामात हवेतूनच घेतलेला असतो. तुम्ही तो परत करता. उसनं घेतलं आणि फेडलं, हिशेब पुरा झाला. पण चंद्रपूरकडच्या खाणीतला दगडी कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. तो जमिनीखाली गाडलेला ठेवा आहे. तो खणून जाळला की इतक्या जुन्या काळातला कार्बन आजच्या हवेत येतो. पेट्रोल-डिझेलचंही तसंच. हिशेब चुकतो तो इथं. अमेरिकेतल्या हवाई बेटावर मौना लोआ नावाच्या डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ सालापासून हवेतल्या या वायूचं मोजमाप सुरू केलं. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. हे मोजमाप आजवर चालू राहिलं म्हणून ही वाढ आपल्याला कळली. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

दुसरी कडी आहे बाजेची. हा प्रयोग आपले शेतकरी बंधू पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत, फक्त त्याला प्रयोग म्हणत नाहीत. हिवाळ्यात, आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल अशा रात्री, अंगणात बाज टाका आणि तिच्यावर घोंगडी पसरा. एक तापमापक बाजेखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगा. दुसरा तेवढ्याच उंचीवर उघड्या आकाशाखाली टांगा. पहाटे उठून दोन्ही पहा. आमच्या शाळेतल्या मुलांनी पाहिलं तेव्हा उघड्यावरचा तापमापक दोन-अडीच अंशांनी उतरलेला होता. उघड्या गवतावर दव होतं, बाजेखालचं गवत कोरडं होतं. बाजेनं काही ऊब निर्माण केली नाही. चारी बाजूंनी ती मोकळीच होती, हवाही कोंडलेली नव्हती. जमिनीतून आकाशाकडे निघालेली उष्णता तिनं मधेच अडवली आणि काही परत पाठवली, एवढंच.

मग मुलांना विचारा: ढगाळ रात्री थंडी कमी का वाजते? द्राक्षबागायतदार निरभ्र रात्रीला का भितो आणि पहाटे बागेत शेकोट्या का पेटवतो? मुलं स्वतःच सांगतात, "सर, ढग म्हणजे वरची बाज!" बरोबर. आणि कार्बन डायऑक्साइड हे न दिसणारं पांघरूण. ते मुळीच नसतं तर पृथ्वी गोठून गेली असती. तेव्हा पांघरूण वाईट नाही. आपण ते दरसाल थोडं थोडं जाड करत आहोत, हा प्रश्न आहे. आता हेही प्रामाणिकपणे सांगा की बाजेच्या प्रयोगानं पांघरुणाचं काम कसं चालतं एवढंच दिसलं, वायूचं काम दिसलं नाही. ते टिंडलनं दाखवलं. मुलांना असा भेद कळतो. आपण समजतो त्यापेक्षा त्यांना पुष्कळ कळतं.

तिसरी कडी बर्फाची. आपला माणदेश समुद्रापासून लांब, पण आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसं मुंबईत आहेत, तेव्हा समुद्र अगदीच परका नाही. दोन सारखी भांडी घ्या. एकात पाणी घालून त्यावर बर्फाचे तुकडे तरंगू द्या. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढील असा मोठा दगड ठेवा, पाणी घाला आणि तेवढाच बर्फ त्या दगडावर ठेवा. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खूण करा, आणि बर्फ वितळण्यापूर्वी मुलांना अंदाज करू द्या. बहुतेक मुलं सांगतात, दोन्हीकडे पाणी वाढेल. बर्फ वितळतो तेव्हा तरंगत्या बर्फाच्या भांड्यात पातळी हलत नाही, दगडाच्या भांड्यात मात्र वर चढते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या जमिनींवरचा बर्फ वितळला की समुद्र का चढतो, ते मुलाला कळलं. शिवाय पाणी तापलं की थोडं फुगतं, हेही समुद्र चढण्याचं मोठं कारण आहे. १९०० सालापासून जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी २० सेंटिमीटरच्या आसपास वाढली आहे, म्हणजे जवळजवळ एक वीत. मुलाला हाताची वीत दाखवायला सांगा. भीती घालायचं कारण नाही, पण वीत म्हणजे किती, ते त्याला दिसू द्या.

आता चौथी कडी, आणि तीच आपल्या कामाची. ती म्हणजे पर्जन्यमापक. प्लॅस्टिकची सरळ भिंतींची बाटली घ्या, निमुळता गळा कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीच्या बुडाला खाचा असतात, म्हणून तळाशी खडे घाला आणि सरळ भिंत सुरू होते तिथवर पाणी भरून तिथं शून्याची खूण करा. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली झाडापासून, भिंतीपासून दूर, उघड्यावर विटांच्या आधारानं पक्की बसवा. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्या, कारण आपल्या देशातल्या वेधशाळांची पावसाच्या वाचनाची वेळ तीच आहे. वाचन झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणा.

या बाटलीतून गणितही शिकवता येतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एक एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटरचं असेल आणि वर्षाकाठी ५०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर छपरावर ५० हजार लिटर पाणी पडतं. हा हिशेब मुलांनी फळ्यावर केला तेव्हा त्यांच्या तोंडचं वाक्य होतं, "आणि आपण टँकरची वाट बघतो!" आमच्या एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. तेव्हा इथं एकेक मिलिमीटर मोजण्यासारखाच आहे.

मी आपल्याला त्या तिसरीतल्या मुलीविषयी सांगितलं. त्या जूनमध्ये ती चौथीत गेली आणि पर्जन्यमापकाचं वाचन तिच्याकडे आलं. २०२३ साली पाऊस उशिरा आला, आपल्याला आठवत असेल. जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी गडगडाट होऊन चांगली सर आली. गावात सगळ्यांची लगबग सुरू झाली. तिच्या वडिलांनी ट्रॅक्टर सांगितला आणि दुपारपर्यंत चार एकरांतली दोन एकर बाजरी पेरूनही झाली. शाळा सुटल्यावर मुलगी शेतावर गेली आणि म्हणाली, "आबा, आपल्या बाटलीत अजून ३४ च झालाय. सर म्हणाले, ७५ ते १०० झाल्याबिगर पेरू नये." हे काही त्या सरांच्या मनचं नव्हतं, कृषी खात्याचाच हा नेहमीचा सल्ला आहे. आबा हसले. पण हातात खुरपं होतं, म्हणून त्यांनी सहज जमीन उकरून पाहिली. ओल चार बोटं खाली गेली होती, त्याखाली कोरडं. ते मला पुढे म्हणाले, "सर, पोरीचा आकडा आन खुरप्याचा आकडा एकच निघाला. मग दोन एकर ठिवली तशीच."

त्यानंतर पावसानं अठरा दिवस दडी मारली. पेरलेल्या दोन एकरांतलं उगवलेलं वाळून गेलं आणि तिथं दुबार पेरणी करावी लागली. राखलेल्या दोन एकरांचं बियाणं, खत आणि ट्रॅक्टरचं भाडं वाचलं. गोष्ट इथं संपवली तर फार गोड होईल, म्हणून पुढचंही सांगतो. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि पीक त्या गावात कुणालाच धड आलं नाही. पोरीच्या बाटलीनं पाऊस आणला नाही, दुष्काळही टाळला नाही. तिनं एका घराचा दोन एकरांचा दुबार खर्च वाचवला, एवढंच. पण ज्याच्या हातात बियाण्याच्या पिशवीचे पैसे मोजून असतात, त्याला 'एवढंच' म्हणजे किती, हे मी सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २०२३ चा तो कोरडा ऑगस्ट म्हणजे हवामानबदल का? मुलांनी हाच प्रश्न विचारला. त्याचं सरळ उत्तर असं, की एका महिन्यावरून ते सांगता येत नाही. त्या वर्षी पॅसिफिक महासागरात एल निनोची स्थिती होती आणि एल निनोच्या वर्षी आपला पाऊस पुष्कळदा ओढ देतो, हे आधीपासून ठाऊक आहे. आपल्या क्रमिक पुस्तकात हवा आणि हवामान असे दोन शब्द आहेत. आजची स्थिती ती हवा. दीर्घ काळाची सरासरी ते हवामान. माणूस एके दिवशी रागावला म्हणून तो रागीट ठरत नाही. पण वर्षानुवर्षं तो अधिकाधिक रागावू लागला, तर स्वभाव बदलला असं आपण म्हणतो. हवामानशास्त्रज्ञ असा स्वभाव ठरवायला निदान तीस वर्षांची नोंद मागतात.

आणि तशी नोंद आपल्या देशात आहे. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशा जुन्या नोंदी अभ्यासल्या, आणि केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा जो अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात तीन गोष्टी दिल्या आहेत. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पावसाचं एकूण प्रमाण सुमारे सहा टक्क्यांनी घटलं. आणि मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे एकूण पाऊस थोडा कमी, आणि पडतो तेव्हा एकदम. तापलेली हवा अधिक वाफ धरून ठेवते, दर अंशामागे सुमारे सात टक्के अधिक, आणि सोडते तेव्हा मुसळधार सोडते. आपले म्हातारे पारावर बसून म्हणतात, "पूर्वीसारखा झिमझिम पाऊस आता ऱ्हायला न्हाय." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण बोलणं आणि नोंद यांत फरक आहे, आणि तो फरक मुलांना शिकवायचा आहे.

पालकांच्या मनात एक शंका असते, तीही बोलून टाकतो. लहान मुलांना हे सगळं सांगून त्यांच्या मनात भीती भरायची का? मुळीच नाही. एका शाळेत एका लहानग्यानं मला विचारलं होतं, "सर, आपण सगळे बुडणार का?" कुणीतरी त्याला मोबाईलवर काहीतरी दाखवलं होतं. मी त्याला बर्फाची दोन भांडी करायला लावली आणि वीत मोजायला लावली. भीती गेली असं मी म्हणत नाही, पण तिला माप मिळालं, आणि माप मिळालेली भीती निम्मी होते. तसंच, मुलाच्या माथी अपराधही मारू नये. सायकलीवरून शाळेत येणाऱ्या माणदेशातल्या पोरानं पृथ्वी तापवलेली नाही. आपल्या देशाचा दरडोई कार्बन डायऑक्साइड आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. त्याला सांगायचं ते इतकंच, की दोष तुझा नाही, पण पुढचा काळ तुझा आहे, तेव्हा तो नीट पाहायला शीक.

आणि पाहता पाहता हातही चालू लागतात. त्याच शाळेत मुलांनी पत्र्याचे दोन डबे घेतले, एक काजळीनं काळा केला, दुसऱ्याला चुना फासला आणि दोन्हींत पाणी भरून उन्हात ठेवले. काळ्या डब्यातलं पाणी अधिक तापलं. ते पाहून गावकऱ्यांनी पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या पत्र्यावर चुना मारला. वर्गात किती फरक पडला, ते मुलांनी आधी आणि नंतर मोजून ठेवलं आहे. कुणाच्या सांगण्यावरून लावलेलं झाड आठ दिवसांत सुकतं. पण ज्या मुलानं लिंबाच्या सावलीत आणि उघड्या रानात स्वतः तापमापक धरला आहे, तो त्या लिंबाला पाणी घालतो.

शिक्षकबंधू-भगिनींनो, आता माझी एकच विनंती आहे. या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा एक जाड वही घ्या. तिच्यात रकाने आखा: तारीख, साडेआठचं तापमान, पाऊस, वारा, आकाश आणि वाचन घेणाऱ्याची सही. तापमापक पाऱ्याचा नको, तांबड्या द्रवाचा घ्या, म्हणजे फुटला तरी विषाची भीती नाही. आपली बदली होईल, मुलं पास होऊन जातील, पण वही शाळेत राहू द्या. जनरल रजिस्टर जपतो तशी ती जपा. कीलिंग यांनी १९५८ साली सुरू केलेली नोंद पुढच्या माणसांनी मोडू दिली नाही, म्हणून आज जगाला बोलता येतं. आपल्या गावाचं हवामान तीस वर्षांत कुठं गेलं, हे कुणा मोठ्या अहवालात सापडणार नाही. ते त्या वहीतच सापडेल. आज पहिलीत बसलेल्या पोराचं पोर कदाचित तिचा शेवटचा रकाना भरील. आणि पालकहो, पोर सकाळी साडेआठला बाटलीकडे धावलं, तर त्याला अडवू नका. संध्याकाळी एकदा विचारा, "आज किती?" त्या विचारण्यानं त्याला जे बळ येतं, ते माझ्या व्याख्यानानं येत नाही.

गेल्या खेपेस त्या शाळेत गेलो तेव्हा मी ती वही चाळली. आकडे सुवाच्य होते, कुठं कुठं पावसाच्या थेंबानं शाई पसरली होती. २०२३ च्या सप्टेंबरातल्या एका तारखेपुढे पावसाचा रकाना मोकळा होता, आणि शेजारी त्या मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं, "बाटली कुत्र्यानं पाडली. वाचन नाही." आदल्या आणि पुढच्या दिवसाचे आकडे समोर होते. त्यांच्यामधला एखादा आकडा सहज टाकता आला असता, कुणालाही कळलं नसतं. तिनं तो टाकला नाही. श्रोतेहो, शास्त्राची सारी पुण्याई त्या मोकळ्या रकान्यात आहे, आणि ती आपल्या प्राथमिक शाळेत पहिल्या इयत्तेपासून शिकवता येते.